कोबेचे बेट : मालकी लोकांची, निर्णय कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



जमीन, पाणी, खनिजे आणि बंदरे ही समाजाची संपत्ती आहे आणि तिच्यातून निर्माण होणारा लाभ समाजाकडेच परत गेला पाहिजे, ही समाजवादी विचाराची पायाभूत भूमिका आहे. परंतु एखादी संपत्ती सार्वजनिक मालकीची झाली म्हणजे तिच्याविषयीचे निर्णयही आपोआप सार्वजनिक होतात काय, हा प्रश्न आपल्या चळवळीत पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही. त्याचे उत्तर शोधताना जपानमधील कोबे शहराच्या बंदरात माणसाने उभारलेल्या एका बेटाचा इतिहास उपयोगी पडतो. त्या बेटाचे नाव पोर्ट आयलंड. ते कोणा खाजगी जमीन-व्यापाऱ्याने उभारले नाही. शहराच्या निर्वाचित महापालिकेने उभारले. म्हणूनच त्याचे यश आणि त्याचे अपयश या दोहोंचा हिशेब आपण मांडला पाहिजे.

कोबेच्या किनाऱ्याला कृत्रिम बेट नवीन नाही. बाराव्या शतकात तायरा नो कियोमोरी या सत्ताधाऱ्याने चीनबरोबरच्या व्यापारासाठी याच किनाऱ्यावरील जुन्या बंदरात भराव घालून बेट बांधले. लाटांमुळे भराव टिकेना, तेव्हा नरबळी द्यावा असा सल्ला त्याला मिळाला, अशी दंतकथा आहे. एका कथेप्रमाणे कियोमोरीने नरबळी नाकारला आणि बौद्ध सूत्रे कोरलेले दगड समुद्रात सोडले. म्हणून त्या बेटाला ‘सूत्रांचे बेट’ असे नाव पडले. दुसऱ्या कथेप्रमाणे एका तरुण सेवकाने आपण होऊन बळी जाणे पत्करले. पूल, बंधारे आणि किल्ल्यांचे बुरूज यांच्या पायाशी बळी दिल्याच्या कथा आपल्याकडेही आहेत. मोठ्या बांधकामाची किंमत कोणीतरी मोजत असतो, ही जाणीव लोकमानसात फार जुनी आहे.

आधुनिक कोबे बंदर १८६८ साली परदेशी व्यापाराला खुले झाले. मुंबईशी त्याचा संबंध लवकरच जडला. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबईची नियमित जहाजवाहतूक सुरू केली. हिंदुस्थानचा कापूस जपानच्या गिरण्यांना पोहोचवण्याच्या धंद्यात ब्रिटिश जहाज कंपनीची मक्तेदारी होती; तिला दिलेले हे आव्हान होते. बंदराबरोबर कारखाने आले, जहाजबांधणीच्या गोद्या आल्या आणि कामगारवर्ग आला. १९१८ साली तांदूळ महागला तेव्हा कोबेच्या जनतेने सुझुकी या बलाढ्य व्यापारी पेढीचे मुख्यालय जाळले. १९२१ साली कावासाकी आणि मित्सुबिशी यांच्या गोद्यांतील सुमारे ३० हजार कामगारांनी संप केला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जपानमधील तो सर्वांत मोठा संप मानला जातो. त्याच्या नेत्यांपैकी तोयोहिको कागावा हे ख्रिस्ती समाजवादी कोबेच्या झोपडवस्तीत राहून काम करीत होते. त्याच वर्षी त्यांच्या प्रेरणेने तेथे ग्राहक सहकारी संस्था स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे. १९३९ साली कागावा हिंदुस्थानात आले असता गांधीजींना भेटले होते. सांगण्याचे तात्पर्य हे, की कोबे हे केवळ व्यापाऱ्यांचे शहर नव्हते. श्रमिकांच्या चळवळीची आणि सहकाराचीही तेथे बळकट परंपरा होती.

या शहराची भौगोलिक अडचण मोठी आहे. उत्तरेस रोक्को पर्वताची रांग, दक्षिणेस समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सारी वस्ती. १९३८ साली डोंगरांवरून आलेल्या पुराने शहराची दैना केली. १९४५च्या हवाई हल्ल्यांत शहराचा मोठा भाग जळाला. युद्धानंतर उद्योग वाढू लागले, तसा जागेचा प्रश्न तीव्र झाला. १९४९ ते १९६९ या काळात चुजिरो हारागुची हे महापौर होते. मूळचे ते स्थापत्य अभियंते. जागा डोंगर आणि समुद्र या दोन्हीकडून एकदमच मिळवावी, अशी त्यांची योजना होती. शहराच्या पश्चिमेकडील सुमा भागातील डोंगर कापावयाचे, ती माती समुद्रात टाकून बेट करावयाचे, आणि कापलेल्या डोंगराच्या सपाट जागेवर नवी उपनगरे वसवावयाची.

१९६६ साली पोर्ट आयलंडचे काम सुरू झाले. डोंगरातील माती ट्रकांनी शहरातून नेली असती तर रस्ते धुळीने आणि रहदारीने भरून गेले असते. म्हणून बोगद्यांतून किनाऱ्यापर्यंत सुमारे १४ किलोमीटर लांबीचे सरकते पट्टे बसवले गेले. त्यांवरून माती किनाऱ्यावर येई, तेथे तराफ्यांत भरली जाई आणि बेटाच्या जागी समुद्रात सोडली जाई. ८ कोटी घनमीटर माती अशा रीतीने समुद्रात गेली. पंधरा वर्षांत सुमारे ४४० हेक्टर जमीन तयार झाली. कडेने मालवाहू जहाजांचे धक्के व कंटेनरांची आवारे आणि मध्यभागी सुमारे २० हजार लोकांसाठी निवासी वस्ती, शाळा, उद्याने, दुकाने व रुग्णालय, अशी बेटाची रचना होती. १९७० साली मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला. १९८१च्या फेब्रुवारीत चालकाविना धावणारी स्वयंचलित गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी बेटावर भरवलेल्या प्रदर्शनास दीड कोटीहून अधिक लोकांनी भेट दिली. डोंगर समुद्राकडे निघाला, असे या योजनेचे कौतुकाने वर्णन केले जाई.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या योजनेचे मर्म तिच्या हिशेबात आहे. शहर वाढले की जमिनीची किंमत वाढते. ती वाढ जमीनमालकाच्या श्रमाने होत नाही. रस्ते, पाणी, बंदर आणि लोकवस्ती यांमुळे, म्हणजे समाजाच्या श्रमाने होते. जॉन स्टुअर्ट मिल आणि हेन्री जॉर्ज यांनी एकोणिसाव्या शतकात हा विचार ठामपणे मांडला. त्या अनर्जित वाढीवर समाजाचा हक्क आहे हे बहुतेक देशांत पुस्तकातच राहिले. कोबेच्या महापालिकेने ते अमलात आणले. तिने डोंगराची जमीन घेतली, कर्ज काढले, माती हलवली आणि डोंगरावरील व समुद्रातील अशा दोन्हीकडील नव्या जमिनी विकल्या. १९६८ साली तर तिने पश्चिम जर्मनीच्या बाजारात मार्क चलनातील कर्जरोखे विकून भांडवल उभारले. एरवी जो नफा सट्टेबाजांच्या खिशात गेला असता तो महापालिकेच्या तिजोरीत आला आणि पुढील योजनांना पुरवला गेला. जपानी वृत्तपत्रे या कारभाराला ‘कोबे नगर कंपनी’ म्हणू लागली आणि देशोदेशींचे नगरनियोजक तो पाहावयास येऊ लागले.

हारागुचींनंतर १९६९ ते १९८९ अशी वीस वर्षे तात्सुओ मियाझाकी महापौर होते. १९७३च्या निवडणुकीत समाजवादी व इतर पुरोगामी पक्षांच्या पाठिंब्यावर त्यांनी सत्ताधारी पुराणमतवादी पक्षाच्या उमेदवाराचा पराभव केला. १९७५च्या मार्चमध्ये कोबेच्या नगरसभेने अण्वस्त्रे वाहणाऱ्या जहाजांना बंदरात प्रवेश न देण्याचा ठराव केला. अण्वस्त्रे नसल्याचे प्रमाणपत्र दिल्याखेरीज परदेशी युद्धनौकेला धक्क्याला लागता येणार नाही, असा दंडक तेव्हा घालण्यात आला. एका शहराने जागतिक महासत्तेपुढे दाखवलेला हा बाणेदारपणा आहे. हा कारभार भ्रष्ट किंवा जनविरोधी माणसांचा होता असे म्हणून या प्रश्नातून सुटका करून घेता येत नाही, ती यासाठीच. माणसे कर्तबगार होती, हेतू सार्वजनिक होता, नफाही सार्वजनिक होता. मग चुकले कोठे?

पहिली गोष्ट अशी, की जमीन विकून चालणाऱ्या कारभाराला सतत नवी जमीन लागते. पोर्ट आयलंड पूर्ण होण्यापूर्वीच, १९७२ साली, रोक्को आयलंड या दुसऱ्या बेटाचे काम सुरू झाले. पहिल्या बेटाच्या दक्षिणेला दुसऱ्या टप्प्याचा भराव १९८०च्या दशकात सुरू झाला आणि त्याच्याही पुढे विमानतळासाठी तिसऱ्या बेटाची कल्पना आली. अधिकारी, अभियंते, कर्जाचे हप्ते आणि यंत्रसामग्री यांचा मिळून जो गाडा तयार होतो, तो थांबवणे हा कोणाच्याच हिताचा विषय राहत नाही. गरज आहे म्हणून बेट, हा क्रम उलटून बेट आहे म्हणून गरज असा होतो. खाजगी भांडवल नफ्यासाठी नफ्याच्या मागे धावते, अशी आपली टीका असते. सार्वजनिक भांडवलही त्याच वाटेला लागू शकते, हे कोबेने दाखवले.

दुसरी गोष्ट, जेथे जमीन विकावयाची नाही तेथे या कारभाराचे लक्ष जाईना. शहराच्या पश्चिम भागात नागाता नावाचा विभाग आहे. रबरी व कृत्रिम चामड्याच्या पादत्राणांचे छोटे कारखाने, घरोघरी चालणारी शिलाई आणि चिकटवणीची कामे, कोरियन वंशाचे कामगार, अरुंद गल्ल्या आणि जुनी लाकडी घरे असे या विभागाचे रूप होते. तरुण कुटुंबे नव्या उपनगरांत आणि बेटांवर गेली. मागे राहिले ते वृद्ध, भाडेकरू आणि तुटपुंज्या कमाईचे लोक. तेथील घरे मजबूत करण्यात विक्रीयोग्य असे काही नव्हते. १९८१ साली शहराचे मुख्य महापालिका रुग्णालयदेखील मुख्य भूमीवरून पोर्ट आयलंडवर नेण्यात आले. बेटावरील वस्तीला ती मोठी सोय झाली. पण सबंध शहराचे रुग्णालय त्यामुळे पुलापलीकडे गेले.

तिसरी गोष्ट राजकीय आहे आणि कार्यकर्त्यांनी तिचा विशेष विचार करावा. पुढील निवडणुकांत महापौरांना जवळजवळ सर्वच पक्षांनी पाठिंबा दिला. पुरोगाम्यांना महापौर आपला वाटे, पुराणमतवाद्यांना योजना आपल्या वाटत. नगरसभेत विरोधी पक्षच असा उरला नाही. जेथे सर्वच सत्तेत असतात तेथे प्रश्न विचारणारा कोणी नसतो, आणि प्रश्न विचारले जात नाहीत तेव्हा नियोजन हे नोकरशाहीचे खाजगी शास्त्र बनते.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. एकंदर ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी साडेचार हजारांहून अधिक कोबे शहरातील होती. पोर्ट आयलंडवर भरावाची ओली माती हादऱ्याने सैल होऊन द्रवासारखी वाहू लागली. जमिनीला भेगा पडून चिखल वर आला, रस्ते खचले, समुद्राकडील भिंती पुढे सरकल्या आणि कंटेनरांचे धक्के निकामी झाले. पाणी तुटले, गॅस तुटला, स्वयंचलित गाडी बंद पडली आणि पुलाची हानी झाल्याने बेट मुख्य भूमीपासून जवळजवळ तुटले. ज्या रुग्णालयाकडे शहरातील जखमींनी धाव घ्यावी, ते पाण्याविना आणि रस्त्याविना समुद्रात एकाकी उभे राहिले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की बेटावरील निवासी इमारती खोलवर रोवलेल्या खांबांवर उभ्या असल्याने कोसळल्या नाहीत. मृत्यूचे थैमान झाले ते मुख्य भूमीवर, जुन्या लाकडी घरांत. बहुसंख्य माणसे घरांखाली चिरडून मेली आणि मृतांत निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेले होते. नागातामध्ये आगी लागल्या. नळांना पाणी नव्हते. गल्ल्याच्या गल्ल्या भस्मसात झाल्या. भूकंप निसर्गाने केला, यात शंका नाही. पण त्यात कोणी मरावे हे पुष्कळ अंशी आधीच्या तीस वर्षांच्या अंदाजपत्रकांनी ठरवून ठेवले होते.

नंतरचा इतिहास आणखी बोधप्रद आहे. बंदराची दुरुस्ती सरकारी पैशाने दोन वर्षांत, म्हणजे मार्च १९९७पर्यंत पूर्ण झाली. घर गमावलेल्यांना मात्र असे सांगण्यात आले, की घर ही खाजगी मालमत्ता आहे, तिच्या उभारणीसाठी सार्वजनिक पैसा देता येत नाही. निर्वासितांसाठी सुमारे ४८ हजार तात्पुरती घरे बांधली गेली. त्यांतील तीन हजारांहून अधिक पोर्ट आयलंडच्या दुसऱ्या टप्प्याच्या ओसाड भरावावर होती, कारण महापालिकेजवळ विकली न गेलेली जमीन तेथे मुबलक होती. वाटप सोडतीने झाले आणि वृद्ध व अपंगांना प्राधान्य मिळाले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की शेजार तुटला आणि एकाकी म्हातारी माणसे अनोळखी माणसांत जाऊन पडली. तात्पुरत्या घरांत कोणाच्याही नकळत एकट्याने मरण पावलेल्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. शेवटचे कुटुंब तेथून हलावयास २००० साल उजाडले. धक्क्यांना दोन वर्षे, माणसांना पाच वर्षे, हा हिशेब कोणत्याही टीकेपेक्षा अधिक बोलका आहे.

या अवस्थेतही कोबेची जुनी परंपरा मेली नव्हती. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीचे नेते आणि कादंबरीकार माकोतो ओदा यांनी नागरिकांनीच कायद्याचा मसुदा करण्याची मोहीम उभी केली. दुसरीकडे सहकारी संस्था आणि कामगार संघटना यांनी देशभर सह्या गोळा केल्या. त्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली. १९९८च्या मे महिन्यात आपद्ग्रस्तांना सरकारी पैशाने थेट साहाय्य करण्याचा कायदा संसदेने संमत केला. तो अपुरा होता. साहाय्याची कमाल मर्यादा १० लक्ष येन होती आणि कायदा पूर्वलक्षी नव्हता. परंतु घर गेलेल्या माणसाविषयी समाजाचे उत्तरदायित्व आहे हे तत्त्व प्रस्थापित झाले. २००४च्या दुरुस्तीने मर्यादा ३० लक्ष येन झाली आणि २००७च्या दुरुस्तीने घर बांधण्यासही ते पैसे वापरता येऊ लागले. जपानमधील नंतरच्या प्रत्येक भूकंपग्रस्ताला मिळणारे साहाय्य हे कोबेच्या पीडितांच्या लढ्याचे फळ आहे.

त्याच वर्षी दुसरा एक लढा हरला. पोर्ट आयलंडच्या पुढे समुद्रात विमानतळाचे बेट उभारण्याचा आग्रह महापालिकेने भूकंपानंतरही सोडला नाही. माणसे तात्पुरत्या घरांत असताना विमानतळ कशाला, असा नागरिकांचा प्रश्न होता. हा निर्णय जनमताने घ्यावा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर १९९८ साली तीन लाखांहून अधिक वैध सह्या झाल्या. कायद्याने मतदारांच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या सह्या पुरेशा होत्या. प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याहून अधिक मतदारांनी सह्या केल्या होत्या. नगरसभेने ही मागणी बहुमताने फेटाळली. १९९९ साली काम सुरू झाले आणि १६ फेब्रुवारी २००६ रोजी विमानतळ उघडला.

विमानतळ आर्थिकदृष्ट्या चालला की नाही, यावर वाद होत राहिले. २०२५च्या एप्रिलपासून तेथे आंतरराष्ट्रीय विमानेही उतरू लागली आहेत. परंतु तो मुद्दाच नव्हे. एखादी योजना पुढे फायद्याची ठरली, म्हणून लोकांना विचारण्याचे कारण नव्हते असे सिद्ध होत नाही. जमीन लोकांची, कर्ज लोकांच्या नावावर, जोखीम लोकांची. आणि लोकांनी बोलू द्या म्हटले तेव्हा मात्र दरवाजा बंद. सार्वजनिक मालकी आणि सार्वजनिक नियंत्रण यांतील अंतर याहून स्पष्टपणे दिसणार नाही.

पोर्ट आयलंड आज ओसाड नाही. दुसऱ्या टप्प्याच्या भरावावर रुग्णालये, औषधसंशोधन संस्था आणि जपानचा प्रसिद्ध महासंगणक आहे. मोठ्या जहाजांना अपुरे पडू लागलेल्या जुन्या धक्क्यांच्या जागी २००७पासून विद्यापीठांच्या इमारती आहेत. मुख्य रुग्णालयाची २०११ साली नवी इमारत झाली, तीही बेटावरच. बंदराला मात्र पूर्वीचे स्थान परत मिळाले नाही. भूकंपापूर्वी कंटेनर वाहतुकीत जगात सहाव्या क्रमांकावर असलेले कोबे फार मागे पडले. दुरुस्तीच्या काळात बुसानसारख्या बंदरांकडे गेलेली जहाजे परतली नाहीत. १९८१ साली तरुण कुटुंबांसाठी बांधलेल्या वस्तीत आता वृद्धांचे प्रमाण मोठे आहे.

समुद्रातून जमीन काढून वाढलेल्या मुंबईसारख्या शहरातील कार्यकर्त्यांना हा इतिहास परका वाटू नये. तेथेही भराव पडतात आणि जमिनी निर्माण होतात. मार्च २०२२मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यावर महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. किनारी रस्त्यासारखे प्रचंड काम त्याच काळात पुढे गेले. अशा वेळी काम सरकारी आहे की खाजगी, एवढाच प्रश्न विचारून आपण थांबलो, तर अर्धाच प्रश्न विचारल्यासारखे होईल.

कोबेपासून घ्यावयाचा बोध खाजगीकरणाचा नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. ती जमीन सट्टेबाजांच्या हाती असती तर नागातातील पादत्राण कामगाराला आणखी काही मिळाले असते, असे मानण्यास आधार नाही. जमिनीच्या वाढत्या मोलावर समाजाचा हक्क आहे हे तत्त्व कोबेने खोटे ठरवलेले नाही. उलट ते व्यवहार्य आहे हे सिद्ध केले. बोध असा, की हे तत्त्व एकटे पुरत नाही. त्या मोलातून आलेला पैसा प्रथम कोठे खर्च व्हावा, हे शहरातील सर्वांत जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला विचारले गेले पाहिजे. त्यासाठी प्रभागाच्या सभेला अंदाजपत्रकावर अधिकार हवा, नगरसभेत खरा विरोध हवा, आणि आपला पक्ष सत्तेत असेल तेव्हाही आपल्याच महापौराला अडचणीचे प्रश्न विचारणारा कार्यकर्ता हवा. यांतील शेवटची गोष्ट कोणत्याही कायद्याने मिळत नाही. ती पक्षाने स्वतः घडवावी लागते, आणि या अभ्यासवर्गाचे प्रयोजनही तेच आहे.